मामांची गाठ आणि कलम चौदा

"माझी गाठ टोकाला हात न लावता कोणी सोडून दाखवावी, मिशी उतरवून देईन." हे आव्हान मामांनी ट्रकवर माल भरताना तीस वर्षं सगळ्या गोदामाला दिलं होतं आणि मिशी अजून शाबूत होती. मामांची गाठ ओढाल तितकी घट्ट व्हायची. सोडायची असेल तर बाहेर ठेवलेलं वीतभर टोक ओढायचं, की लोण्यासारखी सुटायची. सगळी करामत त्या टोकात होती.

निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जाणार असं वाटत होतं, तेवढ्यात जगबुडीची बातमी आली. शुक्रवारी अकरा चाळीसला म्हणे पृथ्वीची ओढ सात मिनिटं बंद पडणार आणि जमिनीवरचं सगळं छताला जाऊन चिकटणार. आधी लोक हसले. मग शेजारणीच्या जावेच्या भावाला एका शास्त्रज्ञाने स्वतः सांगितल्याचं कळलं आणि बाजारातला दोर दोन दिवसांत संपला. नगरपालिकेत कोणाला हे खरं वाटत नव्हतं, पण खोटं म्हणायची हिंमतही कोणात नव्हती. म्हणून पालिकेने कायदा केला. जड वस्तू बांधा. सुऱ्या-कात्र्या उडून कोणाला लागू नयेत म्हणून शुक्रवारी साडेअकराच्या आत जमा करा. जो तपासणीत नापास, त्याच्या घराला आठ दिवस सील.

बांधायचं कसं हे शिकवायला मामांनाच सभागृहात बोलावलं. साऱ्या कचेऱ्यांचे साहेब पुढच्या रांगेत बसून त्यांची गाठ शिकले. मामा त्या दिवशी दोन बोटं उंच होऊन घरी आले.

गुरुवारी त्यांनी घर आवळायला घेतलं. सुटी वस्तू दिसली की कपाटात, आणि कपाटाला दोर. थोरल्या मुलीची प्रमाणपत्रांची फाइलही त्यात गेली. शुक्रवारी एक वाजता पाणीपुरवठा कचेरीत तिची मुलाखत होती. दोन वर्षांत दोनदा हुकलेली नोकरी, आणि यानंतर तिचं वय बसणार नव्हतं.

"बाबा, सकाळी उघडेल ना?"

"टोक ओढ, की उघडलं."

शुक्रवारी अकराला सुरक्षा निरीक्षक आले. सोबत शिपाई आणि त्याच्या हातात सरकारी कात्री. निरीक्षकांनी कपाट हलवून पाहिलं, खूश झाले आणि मग लोंबत्या टोकाकडे बोट दाखवलं.

"हे चालणार नाही. कलम चौदा, कालच आलंय. लोंबतं टोक ठेवू नये. लोक अडखळून पडतात."

"साहेब, टोक म्हणजे गाठीची किल्ली आहे!"

"असेल. कायद्यात किल्लीचा उल्लेख नाही."

मामा पुढे होईपर्यंत शिपायाने टोक मुळापासून कापलं आणि साडेअकराच्या आत जमा करायची म्हणून कात्री घेऊन तो धावत सुटला. थोरली केस विंचरत बाहेर आली. कपाटाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आपल्याच हाताने आपण पोरीचं नशीब बांधून ठेवलं, हे मामांच्या ध्यानात आलं.

"अहो, ऐका ना," शिलाई मशीनवरून मामी म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. हे गाठीचं काम आहे."

घरातल्या सुऱ्या जमा झालेल्या, म्हणून मामांनी चमच्याचा दांडा गाठीत खुपसला. इकडे निरीक्षक घड्याळाकडे बघून पांढरे पडत चालले होते.

"आता कचेरीत पोचणं होणार नाही. मला... मलाही बांधता का?"

मामांनी दोन मिनिटांत त्यांना खुर्चीला आवळलं. "टोक ठेवू?"

निरीक्षकांनी जरा विचार केला. "नको. कलम चौदा."

अकरा चाळीस झाले. निरीक्षकांनी डोळे मिटले. मामांचा हात थांबला नाही. सात मिनिटांत घरात वर आलं ते फक्त गॅसवरचं दूध.

"अहो, मी काय म्हणते..."

"सांगितलं ना, बोलू नकोस!"

चमचा वाकला, दुसरा घेतला. थोरली शेजारी बसून दोराचा पीळ कुठून कुठे जातो ते बघत होती. शेवटी मामांनी दात लावले. साडेबाराला गाठ सुटली आणि तिच्याबरोबर एक दातही. फाइल घेऊन बापलेक पळत सुटले.

कचेरीत दारापाशी उमेदवारांची गर्दी होती आणि आत तीन साहेब तीन खुर्च्यांना मामांच्याच गाठीने जखडलेले होते. टोकं कापलेली, सुरी-कात्री सगळी जमा.

"हे कोणाला सुटतं का?" मधल्या साहेबांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

मामा पुढे सरसावले. थोरलीने त्यांच्या खिशातून चमचा काढून घेतला. "बाबा, मला करू द्या."

पहिल्या साहेबांना वीस मिनिटं लागली, तिसऱ्यांना सहा. बाकीचे प्रश्न विचारायला मग कोणाला तोंड उरलं नव्हतं. "कागद दाखवा," मधले साहेब मनगटं चोळत म्हणाले, आणि फाइल चाळून झाल्यावर म्हणाले, "सोमवारपासून या." मामांचे डोळे भरून आले. अर्ध्या वाटेवर त्यांना आठवलं, घरी एक सरकारी माणूस अजून खुर्चीला बांधलेला आहे.

ते धापा टाकत घरात शिरले. खुर्ची रिकामी. खाली दोराचे तुकडे. टेबलावर तपासणीत पास झाल्याचं, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. मामी कापड बेतत होत्या, हातात त्यांची वीतभर कात्री.

"ही जमा नाही केलीस?"

"वीस वर्षांची कात्री आहे माझी. पालिकेला द्यायला मी काय खुळी आहे?"

"मग मघाशी बोलायचं नाही का!"

"दोनदा बोलले."

मामांनी पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. "साहेब काही म्हणाले नाहीत?"

"विचारलं त्यांनी, कात्री जमा का नाही केली म्हणून. मी म्हटलं, परत बांधू का? मग त्यांनी शिक्का मारला."

मामांनी दोराचा तुकडा उचलून उजेडात धरला आणि त्यांची छाती पुन्हा फुगली. "पण सुटली नाही ना? कापावीच लागली. टोकाशिवाय माझी गाठ माझ्याखेरीज आजवर कोणी सोडलेली नाही."

"बाबा," थोरली म्हणाली, "आज मी तीन सोडवल्या."

मामांचा हात आपोआप मिशीवर गेला. मामींनी कात्री पुढे सरकवली.