पॉलिक्सेनीबाईंचा हयातीचा दाखला

फोतिनीने मंगळवारी सकाळी तेवीस जणांना एक ईमेल पाठवला आणि कॉफीचा निवांत घोट घेतला. पुढचे दहा दिवस तिला दुसरा निवांत घोट मिळाला नाही.

थेस्सालोनिकीतल्या एका लहानशा कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग होता. विभाग म्हणजे दोन टेबलं. एकावर फोतिनी, दुसऱ्यावर तिच्या वरिष्ठ पॉलिक्सेनीबाई. बाईंची या कामात एकतीस वर्षं गेली होती. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांबरोबर निवास-परवाना कचेरीच्या रांगेत उभं करत. म्हणत, "स्वतःचे पाय दुखल्याशिवाय पोरांना काय डोंबल समजावणार?" असे पाय दुखवून घेतलेली माणसं आता युरोपभर मोठमोठ्या जागांवर बसली होती.

या क्षेत्रातल्या लोकांची एक संघटना होती. आपल्या हाताखाली इतरांना घडवणाऱ्या माणसाचा ती दरवर्षी सन्मान करी. बाई जूनअखेर, मुदतीच्या दोन वर्षं आधी, निवृत्त होणार होत्या. फोतिनीने ठरवलं, यंदाचा सन्मान बाईंनाच. पण बाईंना स्तुतीचं वावडं. कळलं असतं तर त्यांनी अर्जच फाडला असता. म्हणून तिने बाईंच्या हाताखालून गेलेल्या तेवीस जणांना गुपचूप लिहिलं: "आपल्या पॉलिक्सेनीबाई जूनअखेर आपल्याला सोडून जात आहेत. त्यांना याची कुणकुण लागू देऊ नका. त्यांनी तुम्हाला काय दिलं, ते शुक्रवारपर्यंत लिहून पाठवा."

बाहेरगावच्या कुणालाही निवृत्तीचा पत्ता नव्हता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पत्रं धडाधड आली. कोइंब्राच्या झुल्मिराने लिहिलं होतं, "त्यांचा आवाज कायम कानात राहील." एकाने लिहिलं, "असं माणूस पुन्हा होणे नाही." फोतिनीचे डोळे भरून आले. लोक किती मनापासून लिहितात, म्हणत तिने सगळी पत्रं अर्जाला जोडून निवड समितीकडे पाठवून दिली.

इकडे झुल्मिराला राहवेना. तिने थेट कॉलेजच्या संचालकांना, स्टेर्गिओससाहेबांना फोन लावला. "बाईंना फार त्रास होतोय का हो?"

"कसला त्रास?"

"म्हणजे तुम्हालाही सांगितलं नाही? जूनपर्यंतच आहेत म्हणे!"

साहेब मटकन खुर्चीत बसले. मुदतीआधी निवृत्ती का, हे कोडं त्यांना एका क्षणात सुटलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब बाईंच्या फायली स्वतः उचलायला लागले. बाईंच्या टेबलावर रोज ताजी बुगात्सा यायला लागली, साखर-दालचिनी भुरभुरवलेली, क्रीम भरलेली पेस्ट्री. "खा हो, आता कसलं पथ्य!" साहेब म्हणाले. गुरुवारी तर ल्युब्लियानाहून दमयान अख्खा दिवस गाडी हाकत आला. बारा वर्षांपूर्वी तो बाईंच्या हाताखाली शिकला होता. आला, बाईंचा हात हातात घेतला आणि पाच मिनिटं तसाच बसून राहिला.

"अरे, हात सोड! सह्या करायच्यात मला," बाई म्हणाल्या.

"करा मॅडम, करा. जमतील तेवढ्या करा," म्हणून तो खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागला.

बाई चमकल्या. मागच्याच आठवड्यात त्यांनी रक्त तपासायला दिलं होतं आणि निकाल अजून आला नव्हता. डॉक्टर म्हणजे स्टेर्गिओससाहेबांचा मावसभाऊ. म्हणजे निकाल आलाय, सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आपल्याला नाही! तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, तुमचं ते नवं माहितीपत्रक अगदी टाकाऊ आहे."

"बरोबर आहे तुमचं," साहेब हळुवारपणे म्हणाले.

बाईंची खात्रीच पटली. त्या पत्रकावरून चार महिने चाललेल्या वादात साहेब पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत झाले होते.

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. सकाळी येताच त्यांनी फोतिनीला समोर बसवलं. "लिहून घे पोरी. परवाना कचेरीत तिसऱ्या खिडकीशी जायचं नाही, तो माणूस कागद हरवतो. आणि मुलगी रडत आली तर आधी विचार, जेवलीस का? फॉर्म नंतर." बोलता बोलता त्यांनी फोतिनीच्या केसांवरून हात फिरवला. सात वर्षांत पहिल्यांदा. फोतिनीला शंका आली. बाईंना बरं नाहीये की काय?

पुढच्या गुरुवारी समितीचं उत्तर आलं. "पॉलिक्सेनीबाईंबद्दल वाचून आम्ही हेलावून गेलो. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. परंतु नियम सातनुसार हा सन्मान केवळ हयात व्यक्तींनाच देता येतो. समारंभात आम्ही दोन मिनिटं स्तब्धता पाळू."

फोतिनीने ते तीनदा वाचलं. मग पाठवलेली पत्रं उघडून पुन्हा वाचली, आणि ती सगळी श्रद्धांजली आहे हे तिला उमगलं. नेमकी तेवढ्यात बाईंनी हाक मारली.

"फोतिनी, दार लाव. आता खरं सांग. किती दिवस आहेत?"

"जू... जूनअखेर," फोतिनी चाचरली.

"इतकेच?"

"पण बाई, तारीख तुम्हीच दिलीत ना!"

"मी? मरणाची तारीख मी दिली?"

"मरणाची नाही हो! निवृत्तीची!"

 मग फोतिनीने रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी तिचा ईमेल मागवून घेतला, चष्मा चढवून वाचला आणि पुढच्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावला. निकाल सोमवारीच आला होता. ड जीवनसत्त्व कमी होतं. उन्हात बसा, एवढाच सल्ला.

"गाढवे! माझ्या सात रात्री गेल्या! मृत्युपत्र केलं मी! बहिणीशी नऊ वर्षांचं भांडण मिटवलं, फुकट!"

"भांडण मिटलं ते चांगलंच झालं की, बाई."

"तू गप्प बस. समितीचा नंबर दे."

समितीच्या चिटणीस बाईंचा आवाज ऐकून आधी घाबरल्या, मग चिडल्या. "असल्या प्रसंगी थट्टा शोभत नाही. जिवंत असाल तर पुरावा पाठवा."

"पाठवते!" बाई गरजल्या. एकतीस वर्षं त्यांनी पोरांची कागदपत्रं गोळा केली होती. त्या फोतिनीला घेऊन नागरिक सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या कारकुनाने विचारलं, "हयातीचा दाखला? पेन्शनसाठी का?"

"नाही. सत्कारासाठी."

कारकुनाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शिक्का मारला. संध्याकाळपर्यंत दाखला समितीकडे पोचला. शुक्रवारी सकाळी समितीने माफी मागितली आणि सन्मान जाहीर केला.

"ती पत्रं दाखव मला," बाई म्हणाल्या.

तेवीस पत्रं घेऊन त्यांनी रिकाम्या वर्गात जाऊन दार लावून घेतलं. तासभर त्या वाचत होत्या. दमयानने लिहिलं होतं, की पहिल्याच वर्षी त्याने एका मुलाचा परवान्याचा अर्ज चुकीच्या तारखेने भरला, तेव्हा बाईंनी ती चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि त्याला आजवर त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं. कुणाशी न बोलता त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले, गोंधळलेले. "फोतिनी, बाईंनी निवृत्तीचा अर्ज मागे घेतला. पूर्ण दोन वर्षं राहणार म्हणतायत."

फोतिनीला हसावं की रडावं कळेना. बाईंच्या जागी आपली नेमणूक होणार, हे तिने आईला सांगूनही टाकलं होतं. ती बाईंच्या टेबलाशी गेली. "बाई, पत्रं वाचून मन बदललं का तुमचं?"

"तेवीस पत्रं वाचून वाटलं, आता सुखाने घरी बसावं," बाई म्हणाल्या. "मग तो ईमेल पुन्हा वाचला. तुझा. ज्याला मनातलं धड लिहिता येत नाही, त्या माणसाच्या हाती पोरांचे परवाने देऊन जाऊ? उद्या एखादीचा व्हिसा संपलाय असं लिहायचं, तर तू तिच्या आईबापांना कळवशील की पोरगी संपली!"

फोतिनी मान खाली घालून उभी राहिली. बाईंनी तिच्या ईमेलची प्रत पुढ्यात घेतली, तांबडी पेन्सिल काढली, तिला टोक केलं.

"उभी काय राहिलीस? खुर्ची ओढ."

फोतिनीने खुर्ची ओढली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचा जीव भांड्यात पडला.