मुकी नळी

बादली बोलत नव्हती. झोलिले सकाळपासून तिच्यासमोर ठाण मांडून बसला होता. झाकणावरच्या वाकड्या नळीत बोटभर पाणी होतं, त्यात बुडबुडा यायला हवा होता. पण नळी गप्प.

शनिवारी त्याच्या बायकोला, मादलोमोला, जाऊन वर्ष होत होतं. गाव जमणार, झोलिलेच्या बाहीवरची दुखवट्याची काळी पट्टी उतरणार, आणि बायकोच्या नावानं बीअरचं भांडं हातोहात फिरणार. साऱ्या डोंगरावरच्या लग्नांना नि मयतांना मादलोमोनंच बीअर केली होती. तिच्या कार्याची कुणी करायची? "मी करीन," झोलिले म्हणाला, तेव्हा त्याची थोरली बहीण नोमोंडे एवढी हसली, की तिच्या डोक्याचा रुमाल सुटला.

"अरे, तुला धड चहा येत नाही!"

"शिकेन, सिसी."

आणि शिकला. मोड आलेली ज्वारी, मक्याचं पीठ, आंबवणं, शिजवणं, निववणं, सगळं केलं. डर्बनहून लेकानं, वुयोनं, ही बादली धाडली. फोनवर म्हणाला, "ताता, त्या नळीला एअरलॉक म्हणतात. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची माशी आत येत नाही. बुडबुडे आले की समजायचं, बीअर जिवंत आहे."

आणि बुडबुडे नव्हते. म्हणजे? पुढचा शब्द झोलिलेनं तोंडातच गिळला.

त्यानं नळीला टिचकी मारली. बादलीभोवती घोंगडी गुंडाळली. शेवटी थकून झाकणाला मिठी घातली, कान टेकला आणि पुटपुटला, "मादलोमो, रुसलीस का गं?"

गुडुप.

तो दचकून सरळ बसला. शांतता. पुन्हा मिठी घातली. गुडुप, गुडुप. हयातीतही ती अशीच. लांबून हाक मारली तर ओ नाही, शेजारी येऊन टेकलं की बोलणं थांबायचं नाही. मग कसला उठतोय? घट्ट बसून तो तिचं बीअरचा घाटा ढवळतानाचं गाणं गुणगुणू लागला:

फेसा रे फेसा, चढ चढ वर,
तहानला धनी, त्याचं भांडं भर.

दारात शेजारचे म्हातारे म्गिजिमा उभे राहिले. "काय रे, वडीलधारा माणूस दारात, आणि तू उठत नाहीस?"

"पाय आखडलाय, ताता."

म्गिजिमा गेले. बातमी गाव ओलांडेपर्यंत त्या पायाचं दुखणं पोटात शिरलं, आणि दुपार कलायच्या आत चर्चच्या बायका प्रार्थनेला हजर झाल्या. दारूच्या थेंबालाही पाप म्हणणाऱ्या त्या बायका! झोलिलेनं घाईघाईनं घोंगडी स्वतःवर नि बादलीवर मिळून ओढली.

"अगं बाई, पोट केवढं सुजलंय!"

"हात ठेवा गं सगळ्या!"

सगळ्यांनी त्या सुजेवर हात ठेवले आणि देवाचं नाव घेत दाबलं. गुडुप, गुडुप, गुडुप.

"ऐका! सुटतंय! जोर लावा!"

पापाच्या बादलीला मनापासून आशीर्वाद देऊन बायका समाधानानं परतल्या. मागोमाग नोमोंडे आली, तिनं घोंगडी फर्रकन ओढली. बादलीला बिलगलेला भाऊ बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय रे?"

"सोडलं की गप्प होते गं." त्यानं मिठी आणखी घट्ट केली. "शनिवारपर्यंत असाच बसतो, सिसी. ती मुकी झाली तर मी लोकांना काय पाजू?"

नोमोंडे या वेळी हसली नाही. तिनं काडी पेटवली. बायका बीअरच्या रांजणावर धरतात तशीच. बीअर श्वास घेत असली की ज्योत विझते. झाकणाच्या कडेकडेनं काडी फिरवत गेली, आणि एका जागी ज्योत फुस्सकन गेली.

"ही बघ, इथून श्वास घेतेय. झाकण नीट बसवलं नाहीस, वेड्या. हवा फटीतून जात होती, तू दाबलंस की नळीतून."

"म्हणजे ती गप्प नव्हतीच?"

"सगळा वेळ बोलत होती. तू जवळ गेलास तेव्हा तुला ऐकू आलं, एवढंच."

तिनं मादलोमोचा दळायचा दगड आणून झाकणावर ठेवला. नळी आपली आपण बोलू लागली. "आता ऊठ, जेव काहीतरी," म्हणत नोमोंडे सरपणाला गेली.

झोलिले उठला. दाराशी जाऊन आला. थोडा वेळ लांबूनच ऐकत उभा राहिला. मग त्यानं दगड हळूच उचलून खाली ठेवला, बादलीशेजारी बसकण मारली आणि झाकणावर आपला हात टाकला.

गुडुप.

"हं," तो म्हणाला, "सांग."