चार तास बारा मिनिटं

फ्लोरेस या मोठ्या बेटासमोरच्या एका छोट्या बेटावरची बॅटरी किती वेळात भरते, हा प्रश्न जिल्हा कार्यालयाने कायमचा निकालात काढला होता. पॅनल वीस वॅटचं, बॅटरी चौऱ्याऐंशी वॅट-तासांची. भागाकार केला, उत्तर आलं चार तास बारा मिनिटं, आणि त्यावर तीन शिक्के बसले.

सुईण एर्मेलिंडाच्या दवाखान्यात मात्र त्याच बॅटरीला आठ तास लागत. ढग आले की दोन दिवस. त्या बॅटरीवर रेडिओ चालायचा, आणि बाळंतपण अडलं तर मोठ्या बेटावरून इंजिनाची होडी बोलवायला तो रेडिओ सोडून दुसरं काही नव्हतं. गावातल्या युलियानाला आठवा महिना लागला होता. एर्मेलिंडाने तक्रार लिहिली.

तक्रारीची तातडीने, म्हणजे पाच आठवड्यांत, दखल घेतली गेली. जिल्हा कार्यालयाचे कॉर्नेलिस साहेब आले ते बॅनर आणि जेवणाचे डबे घेऊनच. बॅनरवर सात अधिकाऱ्यांचे हसरे चेहरे होते. तो नेमका पॅनलच्या डोक्यावर बांधला, कारण फोटोत दोन्ही यायला हवं होतं.

"साहेब, पॅनलवर सावली पडतेय," एर्मेलिंडा म्हणाली.

"ताई, ती सावली जिल्हाप्रमुखांची आहे."

"मग पॅनल तरी जरा सरकवू?"

"नोंद या जागेवरची आहे. सरकवलंत तर ते चोरीला गेलं असं धरावं लागेल."

आठ तासांचं काय, असं तिने विचारलंच. साहेबांनी समजावलं की गणित बरोबर आहे, तुमच्या बेटावरचा सूर्यच आळशी आहे. यापुढे त्याने मन लावून काम केलेले तासच तेवढे मोजायचे. मग 'बॅटरी ठरल्या वेळेत भरते, आम्ही समाधानी आहोत' असा कागद फिरला. सही केली की डबा. डब्यात कोंबडीची तंगडी होती, आणि बेटावर रोज मासेच. सगळ्या गावाने सही केली, एर्मेलिंडानेही.

नवव्या दिवशी भर दुपारी युलियाना अडली. रेडिओ मेलेला. तिच्या नवऱ्याच्या होडीचं शीड केव्हाच विरून गेलेलं. एर्मेलिंडा संतापाने शिडीवर चढली, बॅनर ओरबाडून काढला आणि होडीच्या डोलकाठीला बांधला. सातही साहेब वाऱ्याने टम्म फुगले आणि तासाभरात युलियानाला घेऊन होडी मोठ्या बेटाला लागली. बेटासाठी त्यांनी केलेलं हे पहिलंच काम. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

कार्यालयाने हे बाळंतपण सौर योजनेचं यश म्हणून नोंदवलं, एर्मेलिंडाला बॅनरच्या नुकसानीची नोटीस दिली आणि आधीपेक्षा मोठा बॅनर पाठवला. तिने आठ तासांचा विषय पुन्हा काढला, तेव्हा कॉर्नेलिस साहेब म्हणाले, "जाऊ द्या ना ताई. शेवटी बाळ सुखरूप आहे ना?"

मघाशी वाचताना तुम्हीही मनात हेच म्हणालात. या, इथे सही करा आणि डबा घेऊन जा.