टर्बोविषयी एकही तक्रार नाही

यंत्राची पारख शिकून येत नसते, ती उपजतच असावी लागते, आणि ती आपल्या ठायी आहे याविषयी रुस्लानच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! त्याने एकदा घरातला विजेचा भातकुकर स्वहस्ते उघडून पुन्हा जोडला होता. काही स्क्रू उरले, हे खरे. परंतु भात शिजत होता! कारखान्यानेच ते अनावश्यक लावले होते, असा निष्कर्ष त्याने तेव्हा काढला आणि त्यावर तो अद्याप ठाम होता.

नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसणाऱ्या अशा या गृहस्थाची दृष्टी मलेशियातल्या इपोह शहराच्या टोकाला, बून हुआटच्या गॅरेजात, ताडपत्रीखाली निद्रिस्त असलेल्या एका जुन्या टर्बो गाडीवर पडली. पडली ती तिथेच चिकटली! गाडी दोन दारांची, बुटकी. रंग मूळचा लाल, परंतु उन्हाने त्याची अतिपक्व पपईसारखी अवस्था केलेली. मागचे दाखवणारे आरसे गळून पडलेले आणि मागची काच इतकी चरे गेलेली की तिच्यातून केवळ उजेड दिसे.

"बॉस, खोटं नाही सांगत," बून हुआट चिंधीला हात पुसत म्हणाला. "टर्बोचं सील गेलंय. तेल पिते आणि धूर ओकते. सील बदललं की वाघीण आहे, वाघीण! शनिवारी घेऊन जा, बायकोला दाखव, मग सांग. फक्त मधे इंजिन बंद करू नकोस."

"का बरं?"

"बंद करणं तुझ्या हातात आहे. चालू होणं तिच्या मनावर आहे."

इतका प्रामाणिक विक्रेता पाहून कोणीही शहाणा मनुष्य सावध झाला असता. रुस्लान अधिकच मोहित झाला!

रोहायाची, म्हणजे त्याच्या धर्मपत्नीची, संमती मिळवणे हे मात्र सील बदलण्याइतके सोपे कार्य नव्हते. ती रोज सकाळी घराच्या पडवीत नासी लमाक विकत असे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर डोळ्यांतून पाणी काढणारी सांबालची चटणी, आणि सगळे केळीच्या पानात बांधलेले; निम्म्या गल्लीची सकाळ त्यावरच उजाडत असे. मागे रुस्लानने मोटारसायकलला गर्जना करणारा सायलेन्सर बसवला, तेव्हा याच गल्लीने रुष्ट होऊन पलीकडच्या कोपऱ्यावरच्या बाईचा भात खाल्ला होता, आणि रुस्लानला न्याहारीला, दुपारी आणि रात्री, बायकोच्या नजरेसमोर, उरलेला नासी लमाक संपवावा लागला होता.

"टर्बो म्हणजे काय, तुला ठाऊक आहे का?" रुस्लानने शिक्षकी स्वरात आरंभ केला. "इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जात नाही. तो एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनाला जादा हवा पाजतं, आणि गाडी अशी सुटते..."

"म्हणजे धूर आहेच," रोहाया म्हणाली.

"अगं, तो मुद्दा नाही!"

"माझा तोच आहे, आबांग," ती नवऱ्याला मलय रीतीने संबोधत म्हणाली. "गाडी आणा नाहीतर नका आणू. पण गल्लीतून एक तक्रार, एकच, माझ्या पडवीत आली की गाडी परत! मग ती टर्बो असो नाहीतर विमान असो."

"एकही तक्रार येणार नाही!" रुस्लानने छातीवर हात ठेवून सांगितले.

आता वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी रुस्लानच्या ध्यानातून सपशेल निसटली होती. प्रेमात पडलेल्या माणसाला शेजारपाजारचे काय दिसणार! त्या दिवसांत गल्लीत डेंग्यूची धास्ती पसरली होती. शेजारच्या लेचुमी अक्कांचा जावई नुकताच तापातून उठला होता. गल्लीच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोलीस हवालदार आणि सगळ्यांचे पाकचिक, म्हणजे काका, सालेह, यांनी डासांसाठी धूर सोडणाऱ्या नगरपालिकेच्या माणसांना पुनःपुन्हा विनवले होते. आणि फवारणीवाले केव्हाही उगवतील म्हणून रोज संध्याकाळी लुंगी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून, ते फाटकात पहारा देत असत.

शनिवारी सायंकाळी, नेमक्या त्याच वेळी, रुस्लानने गाडी गल्लीत घातली.

हमरस्त्यावर ती खरोखरच वाघिणीसारखी धावली होती. टर्बो अशी शीळ घाली की रुस्लानच्या अंगावर रोमांच उभे राहत. परंतु गल्लीत वेग उतरला, आणि तापलेल्या इंजिनाने, गिळलेले सर्व तेल मागच्या नळीवाटे धूररूपाने परत करण्यास प्रारंभ केला! असा पांढराशुभ्र, घनदाट धूर, की मागे घरे होती की नव्हती याची कोणास खात्री देता आली नसती. आरसे नसल्यामुळे रुस्लानला त्यातले काहीएक दिसले नाही. त्याला ऐकू आले ते एवढेच.

"आला! आला रे आला!"

दारे धडाधड उघडली. माणसे मांजरे कवटाळून, पाळण्यातली बाळे उचलून बाहेर धावली. कोणी माशांच्या टाकीवर चादर टाकली, कोणी पिंजऱ्यातले कवडे घेऊन पळाले. रुस्लानचे नेत्र पाणावले. एवढे स्वागत!

"माझी गाडी बघायला मांजरंसुद्धा आणली!" तो पुटपुटला.

पाकचिक सालेह शिट्टी फुंकत गाडीपुढे उलटे चालू लागले. "इकडून घे! गटाराच्या कडेनं! हळू, आणखी हळू!"

रुस्लानला वाटले, वाहतुकीचा जुना अनुभव. गाडी लावायला साहाय्य करीत आहेत. तो आज्ञेनुसार गटाराच्या कडेने गेला. लेचुमी अक्का नातवाला काखेत घेऊन, तोंडाला पदर लावून खिडकीशी आल्या.

"बाबा रे, आमच्या मागच्या अंगणात जरा जास्त सोड!"

"काय सोडू, अक्का?"

"धूर रे! आणि काय सोडणार, फुगे? आमच्या जावयाला चावले ते मेले तिथंच बसतात!"

रुस्लानने खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिले. गल्ली अंतर्धान पावली होती! क्षणार्धात सर्व उमजले. इंजिन बंद करावे, तर गाडी इथेच कायमची वस्ती करणार. खरे सांगावे, तर एकाच वेळी सबंध गल्लीची तक्रार! आणि समोर, पडवीत, रोहाया हातात झाकणी घेऊन स्तब्ध उभी होती.

इतक्यात पाकचिक सालेहांनी त्याला ओळखले. "अरे, रुस्लान? तू? पाणीपट्टीच्या खिडकीवरून तुला डासांवर कधी घातलं?"

"मी... म्हणजे, पाकचिक... आपलं, स्वखुशीनं..." रुस्लानच्या तोंडून निसटले.

"ऐकलंत?" हवालदार गल्लीकडे वळले. "आम्ही ओरडून ओरडून थकलो, कोणी फिरकलं नाही! आणि आपल्या गल्लीतल्या माणसानं स्वतः गाडी पैदा केली! वाजवा टाळ्या!"

धुरातून टाळ्या आल्या. खोकलाही आला, परंतु तोही कृतज्ञतेचा!

मग रुस्लानला थांबू कोण देतो! मागची गल्ली झाली. प्रार्थनाघराभोवती प्रदक्षिणा झाली. शेजारच्या वसाहतीचे शिष्टमंडळ येऊन विनंती करून गेले. अखेरीस गाडीतले तेल आटले आणि धूर विरळ झाला, तेव्हा रुस्लानने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

"संपलं, पाकचिक. तेलच नाही."

"तेल नाही? या गल्लीत?" पाकचिक गरजले, आणि दुसऱ्याच क्षणी तळलेली केळी विकणाऱ्या बाईंचा तेलाचा डबा हजर झाला! रुस्लान नको नको म्हणेपर्यंत तो इंजिनात रिकामासुद्धा झाला. त्यानंतर जो धूर निघाला, त्याला केळ्याच्या भज्यांचा असा खमंग वास होता, की सगळी गल्ली डास विसरून ताटल्या घेऊन बाहेर आली.

काळोख पडता पडता रुस्लान घामाने निथळत घरी पोचला. रोहायाने त्याला आपादमस्तक न्याहाळले.

"आबांग, ही फवारणीची गाडी आहे?"

"नाही."

"हे सगळ्यांना सांगितलंत?"

"नाही." मग त्याने धीर एकवटून विचारले, "तक्रार आली का?"

रोहायाच्या चेहऱ्यावर राग आणि हसू यांची झटापट चालली होती. "तक्रार? लेचुमी अक्का उद्या दुप्पट पुडे घेणार आहेत. जा. घ्या ती गाडी. पण आधी तो धूर बंद करा; लोकांना फसवलेलं मला खपायचं नाही."

रुस्लानने गाडी घेतली! बून हुआटने इंजिन उघडले आणि तो नाक आक्रसून उभा राहिला.

"बॉस, यात तू भजी तळलीस काय?"

"मोठी कहाणी आहे. तू सील बदल."

सील बदलले. गाडी रेशमासारखी चालू लागली. ना धूर, ना वास, केवळ एक मंद, सुरेल शीळ! रुस्लान पुढच्या शनिवारी धुतलेला सदरा घालून, ताठ मानेने गल्लीत शिरला.

गल्ली सज्ज होती. मांजरे काखेत, टाक्यांवर चादरी, तोंडांना फडकी. गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. हवा आरशासारखी स्वच्छ राहिली.

"धूर कुठाय?" पाकचिक सालेहांनी विचारले.

"दुरुस्त करून घेतला, पाकचिक!" रुस्लान अभिमानाने उत्तरला. "खरं सांगायचं, तर तो डासांचा धूर नव्हताच. गाडी बिघडली होती."

"ते आम्हाला कळत नाही का रे? औषधाला भज्यांचा वास येतो होय? पण डास गेले ना! समितीला न विचारता दुरुस्त केलीसच कशी?"

"माझा नातू पुन्हा खाजवायला लागलाय!" लेचुमी अक्का कडाडल्या. "वापरातली वस्तू अशी बिघडवतात का? आत्ताच्या आत्ता रोहायाला सांगते!"

आणि सबंध गल्ली मांजरांसह रोहायाच्या पडवीत गेली. रोहायाने सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले आणि फडक्याला हात पुसत नवऱ्याकडे पाहिले. एक तक्रार आली की गाडी परत, ही अट कायम होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडण्यापूर्वीच रुस्लान दारात उभा होता.

"बून हुआट, ते जुनं, फाटकं सील फेकलं तर नाहीस ना?"

"आहे की. का?"

"परत बसव."

बून हुआटने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. समोर रुस्लानच होता.

"बसवतो, बॉस."

"आणि मला खात्री हवी. पूर्वीसारखाच धूर सोडेल ना? बायकोला शब्द द्यायचाय."

"खात्री कशी देऊ?" बून हुआट गाडीच्या टपावर मायेने थोपटत म्हणाला. "जुनं यंत्र आहे, बॉस. बिघडवलं तरी केव्हा सुधारेल, नेम नाही!"