सामाईक हवेचा जादा वापर

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना दिवसभर श्वास घ्यायची परवानगी अखेर मिळाली. सोसायटीच्या दप्तरी मात्र अशी परवानगी कुणी मागितलेली नाही, कुणी नाकारलेली नाही आणि कुणी दिलेलीही नाही. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजून पहिल्यापासून सुरुवात करू.

मावशींनी उभी हयात तरण तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन काढली. आसपासच्या निम्म्या लोकांना पोहायला त्यांनीच शिकवलं. पहिली शिट्टी वाजली की छाती भरून श्वास घ्यायचा आणि डोकं पाण्यात. दुसरी वाजली की सोडायचा. मध्येच ज्याने तोंड उघडलं त्याची रवानगी उथळ भागात, चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत. मग तो बँकेचा मॅनेजर का असेना. इतक्या लोकांच्या श्वासाची शिस्त सांभाळता सांभाळता मावशींची स्वतःची फुप्फुसं मात्र मुदतीआधीच निवृत्त झाली. चार पावलं चालल्या की धाप, आणि प्रत्येक वाक्यात जागोजागी विश्रांती. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितला. झोपेत आणि जागेपणीही.

मशीन आलं. उशाशी ठेवायच्या कपाटाएवढं, चाकांवरचं, सतत गुरगुरणारं. त्यातून निघालेली लांबलचक नळी मावशींच्या नाकात बसली. थोड्या वेळाने ओठांवरचा निळसरपणा गेला. मावशी उठल्या, नळीसकट खिडकीपाशी गेल्या आणि खाली फाटकात गाडी लावणाऱ्या माणसाला एका दमात, कुठेही न थांबता, सविस्तर बोलल्या. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीवाल्याच्याही आलं.

घोळ झाला तो जिन्यात. मशीन बसवणारा तंत्रज्ञ जाता जाता भाच्याला समजावत होता, की यात काही भरावं लागत नाही. हे खोलीतलीच हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन देतं आणि बाकीचं सोडून देतं. समोरच्या दारात सेक्रेटरी उभे होते. दारापुढच्या पायपुसण्याची लांबी-रुंदी नियमात बसवणारे ते हेच.

"हवा कुठली म्हणालात?"

"खोलीतली."

"आणि खोलीत कुठून येते?"

तंत्रज्ञ सरळ माणूस होता. तो म्हणाला, "बाहेरून."

सेक्रेटरींनी समाधानाने मान डोलावली. दाराबाहेरचं सगळं सामाईक, हे सोसायटीचं मूळ तत्त्व होतं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'तिसऱ्या मजल्यावरील एक सभासद सामाईक हवेतील उत्तम भाग स्वतःकडे ठेवून निकृष्ट भाग इतरांच्या माथी मारत असल्याचे निदर्शनास आले आहे.' सूचना वाचताच इमारतीत गुदमरायला सुरुवात झाली. खजिनदारांना जिना चढताना धाप लागू लागली. ती आधीही लागायची, पण तेव्हा ती निष्कारण होती. दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण पूर्वीसारखं रंगेना. हवेतच दम राहिला नाही, यावर दोघांचं एकमत झालं. संसारातलं हे पहिलंच.

सेक्रेटरींनी सभा बोलावून हवा उपसमिती नेमण्याचा ठराव वाचला. नियम असा होता, की कुणी तोंडी आक्षेप घेतला नाही तर ठराव एकमताने मंजूर. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. ठराव मंजूर झाला. पायपुसण्याचा नियमही असाच झाला होता.

उपसमिती झटून कामाला लागली. पहिल्या मजल्यावरच्या दीर्घश्वसनवाल्या बाईंना, घेतलेली हवा विनाकारण आत अडवून ठेवल्याबद्दल, साठेबाजीची नोटीस गेली. घोरणाऱ्या काकांनी खुलासा दिला, की आपण घेतलेली हवा लगेच आणि वाजवून परत करतो. कुंड्यावाल्या गृहस्थांनी आपण हवेचे उत्पादक असल्याचं जाहीर करून, आपल्या बाल्कनीखालून जाणाऱ्यांनी आभार मानत जावं अशी मागणी केली. मशीनमधून सुटणारा नायट्रोजन हा ओला कचरा की सुका, यावर तर उपसमितीत उभी फूट पडली.

शेवटी तोडगा निघाला. पाणी जसं सकाळ-संध्याकाळ येतं, तसं मशीनही सकाळ-संध्याकाळ चालेल.

"आणि मधल्या वेळात?" भाच्याने विचारलं.

"मधल्या वेळेसाठी भरून ठेवायची. पाणी नाही का आपण पिंपात भरून ठेवत?"

"अहो, मावशी म्हणजे पिंप नाही."

"तो तुमचा अंतर्गत प्रश्न झाला," सेक्रेटरी म्हणाले.

त्या दुपारी मशीन बंद राहिलं. मावशी पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसल्या. ओठ पुन्हा निळे पडले. फाटकात गाडी लागलेली ऐकू आली, पण उठायचं बळ नव्हतं. भाच्याने न राहवून बटण दाबलं. गुरगुर भिंतीपलीकडे पोचली आणि तक्रार सेक्रेटरींकडे. रविवारी खास सभा ठरली. विषय एकच: मशीन इमारतीबाहेर काढणे.

मावशींनी भाच्याला जवळ बोलावलं. "रविवारी... मला खाली ने," त्या म्हणाल्या. "आणि माझी शिट्टी... शोध."

सभा पार्किंगमध्ये होती. मशीन खाली नेता येईना, म्हणून मावशी चाकांच्या गाडीवरचा छोटा सिलिंडर घेऊन आल्या. वॉचमनने तो अडवला. हवा बाहेरची असल्याने पाहुण्यांच्या वहीत नोंद हवी होती: कुठून आली, कुणाकडे जाणार. भाच्याने 'नाकाकडे' लिहून सही केली.

मावशींचं म्हणणं एवढंच होतं, की आधी उलटा ठराव वाचावा: मशीन अहोरात्र चालेल. सेक्रेटरी खुशीने तयार झाले. एखादा ठराव दणदणीत आपटला की इतिवृत्ताला शोभा येते. त्यांनी तो खड्या आवाजात वाचला आणि विचारलं, "कुणाचा तोंडी आक्षेप?"

आक्षेप सगळ्यांचाच होता. तो जोरात घेता यावा म्हणून अख्ख्या पार्किंगने छाती भरून श्वास घेतला.

आणि शिट्टी वाजली.

सिलिंडरमधून थोडा थोडा जमवलेला सगळा दम मावशींनी तिच्यात घातला होता. शिट्टी बारीक होती, पण तीच होती. सगळ्यांचे गाल फुगले, ओठ मिटले. खजिनदारांनी नाक चिमटीत धरलं. घोरणारे काका जन्मात पाण्यात उतरले नव्हते, पण सगळ्यांनी धरलाय म्हटल्यावर त्यांनीही धरला. सेक्रेटरी तर उथळ भागात दोनदा परत पाठवलेले विद्यार्थी. त्यांनी डोळेही मिटले. हात मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने चालत राहिला आणि त्याने लिहिलं: 'तोंडी आक्षेप आला नाही. ठराव एकमताने मंजूर.'

आता दुसरी शिट्टी हवी होती. मावशींनी ती ओठांना लावली, पण फुंकायला दमच उरला नव्हता. आणि शिट्टीशिवाय श्वास सोडायची कुणाची छाती होईना. पार्किंग लाल झालं, मग जांभळं, आणि शेवटी उपसमितीच्या ओठांवर तो नेमका निळा रंग चढला.

मावशींनी तो नीट पाहून घेतला.

"दुपारी मला... असं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सोडा आता."

मग जी हवा ओढली गेली, तेवढी त्या इमारतीत आजवर कुणी एका वेळी ओढली नसेल. उपसमितीने तिची नोंद घेतली नाही. मंजूर ठराव खोडायला नवा ठराव लागतो, आणि मावशी शिट्टी गळ्यात घालूनच वावरू लागल्या. तेव्हा सेक्रेटरींनी इतिवृत्तातल्या त्या पानावर कोरा कागद चिकटवून विषय मिटवला. मशीन गुरगुरतं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं भांडण पुन्हा रंगात आलं आहे. फाटकात कुणी गाडी लावत नाही.

प्रस्तुत वृत्तान्ताला वाचकांपैकी कुणाचा आक्षेप असल्यास त्यांनी तो आत्ताच, तोंडी, मोठ्याने घ्यावा.

कुणीच काही बोललं नाही. नेहमीप्रमाणे वृत्तान्त एकमताने मंजूर. सबब सर्व वाचकांना नम्र विनंती, की वाचताना हसण्यात खर्च केलेली सामाईक हवा त्यांनी मूळ स्थितीत, सेक्रेटरींच्या दारातल्या नियमित मापाच्या पायपुसण्यावर आणून ठेवावी व पोच घ्यावी. जमा करण्याची वेळ फक्त सकाळ-संध्याकाळ. मधल्या वेळात कृपया श्वास घेऊ नये.