पेरूच्या झाडास पत्रा बांधला, त्याची बखर

श्री. बीजास अंकुर आणि अंकुरास धीर देणारा जो परमेश्वर, त्याचे स्मरण करून, वाचणारांच्या लेकराबाळांस सुखाची झोप चिंतून, हकिकत लिहिली ऐसी जे: शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, चैत्र मासी एका राज्यात खारींचा दंगा जाहला. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य थोरही नव्हे. उत्तरेस महालाचे स्वयंपाकघर, दक्षिणेस पाण्याची टाकी, पूर्वेस कपडे वाळविण्याची तार आणि पश्चिमेस शेजारील संस्थानाचा शेवगा, इतुकी हद्द; आणि मधोमध एक पेरूचे झाड, तेच राजधानी म्हणावे. राज्यावर रायाजीराव महाराज होते. ते नित्य सकाळी डबा घेऊन जिल्ह्याचे ठिकाणी मुलूखगिरीस जात आणि दिवेलागणीस थकून परतत, सबब मागील दारचा सर्व कारभार राणी मानसीबाईसाहेब पाहत. राणीसाहेब वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या, वाचलेल्या, समजूतदार. परंतु बाळराजे श्रीधरराव जन्मास आले तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळराजे शिंकले म्हणजे दचकत, आणि पुष्कळ वेळ न शिंकले म्हणजे का शिंकत नाहीत म्हणोन उठून पाहत. बाळराजांची नाळ पडली ती महाराजांच्या आई, मातोश्री अंबूबाईसाहेब, यांनी याच पेरूच्या बुंध्याशी पुरिली, आणि वर तांब्याभर पाणी घालून बोलिल्या, "आता हे झाड आणि हे पोर भावंडं झाली, सूनबाई. एकाला जपाल ते दुसऱ्याला पोचेल." राणीसाहेब तोंडाने म्हणाल्या, "आई, असं काही नसतं हो." आणि मनात ते बोलणे घट्ट धरून ठेविले.

पेरू महाराजांनी लग्नाचे साली लाविलेला, बुंधा मनगटाएवढा, अंग अद्याप कोवळे. चैत्रात एके दुपारी राणीसाहेब बाळराजांस मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या असता शेवग्यावरून एक खार उतरली, आणि पेरूवर चढून सालीचा लांब दोरा सोलिती जाहली, आणि त्याची तोंडातल्या तोंडात गुंडाळी करून आपल्या घरट्यास गेली. मग दुसरी आली, मग तीच पहिली पुन्हा आली. राणीसाहेबांनी टाळी वाजविली. खारीने शेपूट उडवून पाहिले आणि काम पुढे चालविले. संध्याकाळी पाहतात तो बुंध्यावर बोटभर पांढरी जखम, आणि त्याच रात्री बाळराजांचे अंग किंचित कोमट लागले. कोमट लागले ते उन्हाळ्याने लागले, हे राणीसाहेबांस कळत होते. तरी मनाने दोन्ही गोष्टींची गाठ मारिली ती मारिलीच.

मग मसलत बसली. महाराज जेवता जेवता बोलिले, "मांजर पाळू. खारी फिरकायच्या नाहीत."

"रांगू पाहणारं मूल घरात, आणि मांजर?"

"मग खारच पाळू. ती बाकीच्यांना समजावून सांगेल."

राणीसाहेब हसल्या नाहीत. महाराजांनी वाटीतील आमटी संपविली. मातोश्री म्हणाल्या, "रामाने पाठीवरून हात फिरवलेली जात ती. तिच्याशी कशाला वैर? तिलाही पिलं व्हायची असतील, त्याशिवाय का साली सोलत्येय?"

"सेतू बांधायला आली होती ती वेगळी, आई. ही माझं झाड सोलायला आलीय. तिची पिलं तिने सांभाळावी, मी माझं सांभाळत्ये."

ऐसे बोलून राणीसाहेबांनी मोहीम आरंभिली. प्रथम लाल तिखट पाण्यात कालवून बुंध्यास फासले, तो दुपारी वारा उलटा फिरला आणि सर्व महाल शिंकू लागला, मातोश्री देवघरात शिंकल्या, बाळराजे डोळे चोळून आकांत करू लागले, राणीसाहेब त्यांस घेऊन पुढील दारी धावल्या, आणि मागे वळून पाहतात तो खार तिखट नसलेल्या फांदीवर बसोन पोटभर कोवळी पालवी खात आहे. तेव्हा तो उपाय सोडिला. मग राणीसाहेबांनी खिडकीतील आपली जागा न सोडता शत्रूच्या वाटा निरखिल्या. कोठून येतात, कोठे थबकतात, कोठून उडी टाकितात, हे सर्व पाहिले. कारण पाहत बसणे ही एक विद्या त्यांस बाळराजांनी पुरती शिकविली होती. त्यांस कळले की खारी जमिनीवरून थोड्याच येतात, बहुत करून कपड्यांच्या तारेवरून आणि शेवग्याच्या लोंबत्या फांदीवरून येतात. मग तार काढून टाकीकडे बांधविली, आणि शेजारील संस्थानाच्या कर्णिकबाईंस निरोप धाडिला की फांदी छाटू द्यावी. कर्णिकबाई कुंपणावरून बोलिल्या, "छाटा की. पण शेंगा लागल्या म्हणजे वाटी घेऊन यायचं नाही हं."

"नाही येणार," राणीसाहेब म्हणाल्या, आणि पुढे आमटीस शेंगा नाहीत म्हणोन महाराजांनी जे ऐकविले तेही सोसिले.

आकाशातील वाटा ऐशा बंद जाहल्या, जमिनीची वाट राहिली. तिजसाठी तेलाचा रिकामा डबा कापून पत्रा सरळ केला, आणि राणीसाहेबांच्या कमरेइतक्या उंचीस बुंध्याभोवती गुंडाळून वरून खालून तार आवळिली. महाराजांनी पकडीने तारेस पीळ दिला आणि विचारिले, "पुरे?" राणीसाहेब म्हणाल्या, "अजून एक द्या. बोट शिरता कामा नये." महाराजांनी अजून एक दिला. दुसरे दिवशी खार आली, पत्र्यापर्यंत सरसर चढली, आणि नखे न लागून धपकन खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा आली. मग टाकीवर बसोन पुष्कळ वेळ चिरचिर करीत राहिली. राणीसाहेबांनी बाळराजांचा हात धरून तिजकडे हलविला आणि बोलिल्या, "टाटा करा. गेल्या म्हणावं बाई."

तेव्हापासून राज्यास स्वस्थता आली. पावसाळा लागला आणि झाड भराभर अंग धरू लागले, आणि मग ऐसे फुलले की पूर्वी कधी फुलले नव्हते. पाकळ्या गळाल्या आणि सर्व फुलांची फळे जाहली. फांद्या वाकल्या. महाराज म्हणाले, "तुमचा पत्रा मानला बुवा." राणीसाहेबांस वाटले की जगात निदान एक काम आपण चोख केले, एका जिवाभोवती भिंत घातली आणि ती टिकली. मातोश्रीही काही बोलिल्या नाहीत. आणि मातोश्री बोलिल्या नाहीत म्हणजे ती त्यांची शाबासकी होय.

परंतु आश्विन सरता सरता पाने पिवळी पडू लागली. राणीसाहेबांनी पाणी वाढविले, मग कमी केले, खत घातले, पाने उलटी करून कीड शोधिली, कीड नव्हती. फळे तर पुष्कळ, पण सुपारीपेक्षा मोठी होईनात. त्याच सुमारास बाळराजांस दाढा येऊ लागल्या आणि ज्वर आला, अन्न तोंडात घेऊन थुंकू लागले. वैद्यबाई म्हणाल्या, "दाढांचा ताप आहे, उतरेल." ज्वर उतरला, पुन्हा चढला. राणीसाहेब सकाळी आधी बाळराजांच्या कपाळास हात लावीत आणि मग मागील दारी जाऊन पानास हात लावीत, आणि कोणता हात आधी घाबरला हे त्यांस सांगता आले नसते. महाराज एकदा म्हणाले, "तू शिकलेली आहेस ना?" राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणून तर लाज वाटत्येय. भीती जात नाही ती नाहीच."

मग कार्तिकात एके सकाळी मातोश्री बाळराजांस न्हाऊ घालीत होत्या. ज्वर गेला होता, बाळराजे पाण्यावर थापा मारीत होते. मातोश्रींनी हाक मारिली, "सूनबाई, इकडे या. करगोटा रुतलाय पाहा पोराचा. कमरेला वळ उठलाय."

राणीसाहेब धावल्या. म्हणाल्या, "मागेच तर सैल केला होता, आई."

"मागे केला होतात. तेव्हापासून पोरगं थांबलंय का? अंग वाढतं, दोरा वाढत नाही. जन्मभर का एकच गाठ पुरत्येय?"

राणीसाहेबांनी कात्रीने करगोटा कापिला. कमरेस चारी बाजूंनी तांबडी रेघ होती. त्या रेघेवरून राणीसाहेबांनी बोट फिरविले, आणि बोट तेथेच थांबले, आणि त्या ओल्या हातांनी कात्रीसह उठून मागील दारी गेल्या. मातोश्री ओरडल्या, "अहो, पोर ओलं आहे!" तरी मागे पाहिले नाही. पेरूपाशी जाऊन पत्र्यास हात घातला, तो हलेना. तार दिसेना. साल दोहोंकडून फुगून तारेवर मिटली होती, पत्र्याची कड आत बुडाली होती. वरचा बुंधा सुजलेला, खालचा तैसाच बारीक. राणीसाहेबांनी कात्रीच्या टोकाने साल उकरून तार शोधिली. पाने जे अन्न करितात ते सालीतून खाली मुळांस जाते, हे त्यांनी परीक्षेत लिहिले होते आणि गुण मिळविले होते. ते अन्न पत्र्यापाशी अडून वर तुंबले, म्हणोन ती फुले, म्हणोन ती फळे. आणि खाली मुळे सारा पावसाळा उपाशी. खारींनी बोटभर साल नेली होती. आपण सर्व नेली.

संध्याकाळी महाराजांनी तार तोडून पत्रा काढिला. जखम बुंध्याभोवती चहूकडून फिरून एक जाहलेली, कोठे बोटभरही साल सलग राहिली नव्हती. राणीसाहेब जखम पाहून बोलिल्या, "वरचं ठेवलं तर फळं मिळतील, आणि झाड जाईल. जखमेच्या खालून, वीतभर खोड ठेवून कापायचं."

मातोश्री बाळराजांस कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, त्याच्याखाली नाळ आहे. करवत लावता?"

"नाळ मुळाशी आहे, आई. मी मूळ वाचवते आहे."

"आणि नाही वाचलं तर?"

राणीसाहेब म्हणाल्या, "माहीत नाही." आजवर ऐसे उत्तर त्यांनी कोणास दिले नव्हते. मग मातोश्रींनी बाळराजांस महाराजांकडे दिले, पदर खोचिला, आणि मातीत उतरून दोन्ही हातांनी बुंधा धरिला की करवतीने हलू नये. राणीसाहेबांनी कापिले. झाड फळांसकट आडवे जाहले. मग छाटावर शेणमातीचा लेप दिला, आणि राज्यात उघडेबोडके खोड तेवढे राहिले.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. खारी येत, खोडावर बसत, इकडेतिकडे पाहत आणि जात. राणीसाहेब टाळी वाजवीत नसत. बाळराजे धरून उभे राहू लागले, मग न धरता. माघ अखेरीस खोडाच्या कडेने तांबूस ठिपके दिसले आणि राणीसाहेबांनी कोणास सांगितले नाही, ते ठिपके कोंब जाहले तेव्हा मातोश्रींनीच सांगितले, "पाहिलंत का? मी केव्हाचं पाहिलंय, बोलले नाही." शके एकोणीसशे शेहेचाळीसच्या चैत्रात ते झाड नव्हे, झुडूप जाहले, जमिनीपासून चहूकडे फुटलेले. महाराजांनी विचारिले, "आता काय करायचं? सैल बांधू काही तरी?"

"बांधायला बुंधा कुठे आहे?" राणीसाहेब म्हणाल्या. "आता नुसतं पाहायचं."

तो एके सकाळी बाळराजे उंबरा उतरून एकटेच डुलत झुडपाकडे निघाले. झुडपावर खार होती, एक कोवळा कोंब मोडून खात होती. बाळराजे दोन हातांच्या अंतरावर थांबले. खारही थांबली. राणीसाहेब पोळी तव्यावर टाकून दारापर्यंत आल्या, आणि तेथे त्यांनी चौकट धरिली. उंबरा ओलांडिला नाही. बाळराजे मातीत बसले, पडले नाहीत, बसले. मग एक पान ओढून त्यांनी तोंडात घातले, तुरट लागून थुंकिले, आणि खारीने दुसरा कोंब धरिला. मागे पोळी करपल्याचा वास आला. मातोश्री आतून म्हणाल्या, "मी उलटते. तुम्ही पाहा तिकडे."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. खारींचा बंदोबस्त करू गेले, तो पुरता जाहला नाही. कोंब थोडे गेले, पुष्कळ राहिले. राणीसाहेब दारात उभ्या आहेत आणि बाळराजे अंगणात आहेत. जे जाहले ते लिहिले, पुढील पुढे होईल.