सदूची रविवारची साखर

सदूची साखर चारशेच्या वर गेलेली पाहून नीलिमाताईंनी कपाळाला हात लावला. सदू म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांचा खरा मालक, पांढराशुभ्र, गलेलठ्ठ बोका. त्याला डायबेटिस निघाला आणि घरात सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं, गोड बंद झालं. सदूने जन्मात गोडाला तोंड लावलं नव्हतं. पण नवऱ्याची, पंढरीनाथांचीही साखर काठावर होती, म्हणून नीलिमाताईंनी एका फटक्यात सगळं घर पथ्यावर बसवलं.

डोस ठरवायचं काम मात्र शिस्तीत चाले. दर रविवारी सकाळी पंढरीनाथ भाजी घेऊन आले की सदूला मांडीवर घेत आणि कान चोळून गरम करत. मग नीलिमाताई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेत, आणि मशीनवरचा आकडा प्राण्यांच्या एल्रॉय डॉक्टरांना फोनवर सांगत. गेल्या रविवारी डॉक्टरांनी डोस वाढवला होता. तेव्हापासून सदू मरगळून पडला होता.

"डॉक्टर, पाय पण लटपटतायत हो त्याचे."

"साखर वाढली की होतं तसं," स्पीकरवरून डॉक्टर म्हणाले. "खातोय काय?"

"तुम्ही सांगितलंय तेच. वरचा एक कण नाही."

"मग अजून एक युनिट वाढवा. पण लक्ष ठेवा हां मॅडम. डोस जास्त झाला तर साखर धाडकन उतरते. मांजर हातचं जाईल."

नीलिमाताई सिरिंज भरू लागल्या. पंढरीनाथ सदूचा कान कुरवाळत बसले होते. कानाचे केस चिकटून त्यांच्या टोकदार बटा झाल्या होत्या, आणि त्या चक्क केशरी दिसत होत्या. त्यांनी आपला अंगठा पाहिला. तोही केशरी होता. रक्ताचा थेंब त्याच कानातून काढला होता.

बोलावं, तर रविवारचं सुख कायमचं गेलं. न बोलावं, तर सदू जाणार. एरवी सुई दिसली की कपाटावर चढणारा तो प्राणी आज मांडीवर निमूट पडून होता. पंढरीनाथांना भरून आलं.

"नीलू, थांब! माझ्या हाताला जिलेबी आहे."

"कुठली जिलेबी?"

"स्टेशनजवळची."

"दर रविवारी?"

"फाफड्याबरोबर देतात गं. नुसता फाफडा कसा मागणार?"

"अहो, मुक्या जिवाला मारलं असतंत ना!" नीलिमाताईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "आधी हात धुऊन या. साबणाने. कोपरापर्यंत!"

पंढरीनाथ हात धुऊन आले. सदूचा दुसरा कान ओल्या कापसाने पुसला, चोळला, पुन्हा टोचला. नीलिमाताईंनी नव्या पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला दोनशे नव्वद.

"बघा! म्हणजे साखर आहेच."

"मी तर धुतले बाई हात," पंढरीनाथ म्हणाले.

नीलिमाताईंनी पट्टी धरलेली आपली बोटं निरखली आणि त्या मोरीत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. पदराला हात पुसत त्या आल्या, आणखी एक पट्टी काढली आणि थेंब घेतला. आकडा शंभराच्या आत आला.

"काय होतं गं हाताला?"

"बेसन."

"बेसनाने साखर वाढते?"

"शेजारच्या ज्योत्स्नाबेनच्या मोहनथाळाच्या वडीतल्या वाढते. तुम्ही भाजीला गेलात की आणून देते बिचारी. नाही कसं म्हणणार?"

नीलिमाताईंनी सिरिंज बाजूला ठेवून पुन्हा फोन लावला आणि खरा आकडा सांगितला.

"अरे देवा! मग आत्ता इंजेक्शन देऊच नका," डॉक्टर ओरडले. "आधी खायला घाला आणि घेऊन या त्याला माझ्याकडे. जुन्या डोसवरच आणू. पण मॅडम, पथ्य पाळतोय ना तो नीट?"

नीलिमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सदूकडे पाहिलं.

"हो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तो एकटाच पाळतोय."